पोतंभर माती घेऊन रत्नागिरीला

रत्नागिरीला लोक आंबे आणायला जातात. मी माती घेऊन गेले! गाडीत पोतं चढवताना नवरा म्हणाला, "कोकणात माती कमी पडली का?" त्याला काय जातंय बोलायला.

झालं असं, की सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी दापोलीच्या होस्टेलवरची मैत्रीण, आता हातखंब्याजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. "शैले, विहिरीत डिझेल सांडलं गो. आप्पांच्याच हातनं." आप्पा म्हणजे तिचे सासरे, ऐंशीच्या घरातले. पंपात ओतता ओतता काठावरचा कॅन कलंडला. "चार दिवस नीट जेवले नाहीत. विहीर बुजवून टाका म्हणतात." मी पुण्यात पाणी शुद्ध करायच्या पदार्थांच्या प्रयोगशाळेत आहे. म्हटलं, फावड्याला कुणाला हात लावू देऊ नकोस, मी निघाले.

पहाटे पाचला पुणं सोडलं. कराडच्या पुढे मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, मग हातखंबा. थांबत गेलात तर सात-आठ तास धरा, आणि घाटात धुकं असेल तर उगाच शहाणपणा करू नका. साखरप्याला चहा घेतला, सोबत गरम कांदाभजी, दोन्ही मिळून पन्नासच्या आत. चहावाल्यानं मागच्या सीटवर डोकावून विचारलं, "काय वो ताई, रांगोळीचा धंदा काय?" म्हटलं, तसंच समजा.

सुनंदाचं घर बौद्धवाडीत, रस्त्यापासून खाली उतरून. विहीर जांभ्यात खोदलेली, आत वाकलं की डिझेलचा भपकारा. वरचा तवंग त्यांनी पेंढ्यानं आणि जुन्या गोधड्यांनी टिपला होता, ते उत्तमच केलं. पण मग कुणीतरी सांगितलं म्हणून तुरटी फिरवली, आणि वर चार घमेली लाल माती ओतली. डोक्याला हात लावला मी! अहो, साध्या मातीचं प्रेम पाण्यावर. पाण्यात पडली की आधी पाणी पिऊन बसते, तेलाला जागाच देत नाही. चिखल तेवढा तळाला गेला, वास होता तिथंच.

आप्पा अंगणात बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या बापाशीनं खणली ही. मी दहा वर्षांचा, टोपलीनं माती वाहायचो. वरच्या विहिरीला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. लांबनं वाढतील तेवढं पाणी. आणि मीच नासवली."

मला रडूच आलं. सुनंदानं मग स्वयंपाकघरात सांगितलं, पाणी सध्या वरच्या आळीतल्या मालतीकाकींकडून आणतात. काकी बिचाऱ्या मायाळू, रोज म्हणतात, "विचारायचं काय त्यात, घ्या." पण आप्पा ते पाणी औषधापुरतं घेतात. मागून आणलेलं त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागलो. दोन पिंपं मांडली. पहिल्यात वाळू आणि माझ्या पोत्यातली माती मिसळून, दुसऱ्यात पुण्याहूनच आणलेला, करवंटीपासून केलेला खास कोळसा. पंपानं पाणी उपसायचं, दोन्ही पिंपांतून गाळून पुन्हा विहिरीत सोडायचं. आप्पा खुर्ची ओढून जवळ आले. "ही माती वेगळी कशी?"

"हिला आम्ही साबणासारख्या एका पदार्थात भिजवून सुकवलंय आप्पा. त्याचं एक टोक मातीला घट्ट धरतं, शेपटी तेलाला जवळ करते."

"मग तेल खाते काय ही?"

"खात नाही, धरून ठेवते. हिच्यातनं निसटेल तो वास कोळशाच्या बारीक बारीक भोकांत अडकतो."

पंप दोन दिवस धडधडत होता. मध्येच पिंप तुंबलं, वाळू कमी पडली होती. चूक माझीच, सुनंदानं मनसोक्त चिडवून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी ती मला मांडवीला घेऊन गेली. काळसर वाळू, समोर बंदर, आणि जवळच बांगड्याचं ताट अडीचशेच्या आसपास. गेलात तर सोलकढी दोनदा मागा, लाजू नका.

तिसऱ्या सकाळी आप्पांनी स्वतः कळशी ओढली. नाक लावून कितीतरी वेळ हुंगत राहिले. वास नव्हता. तांब्या तोंडाकडे नेणार, तेवढ्यात मी धरला! नाकाला कळत नाही ते यंत्राला कळतं. बाटल्या भरून घेतल्या, म्हटलं, तपासणी होईपर्यंत थेंबही नाही. आप्पांचा चेहरा बघवेना, पण इलाज नव्हता.

आणि वापरलेली माती? आप्पा म्हणाले, "आंब्याच्या बुडात टाकू." छे! जांभा म्हणजे चाळण. पावसात तेल हळूहळू सुटलं, तर फिरून विहिरीतच. तेव्हा माती आणि कोळसा, सगळं जाड पिशव्यांत बांधून डिकीत घातलं. पुण्यात असला कचरा नीट जाळणारे आहेत, त्यांच्याकडे दिला. येताना काचा उघड्या ठेवून घाट चढले, तरी डोकं भणभणलं. गाडीला अजून वास येतो, नवरा रोज ऐकवतो.

तपासणीत पाणी चांगलं निघालं. लगेच कळवलं, दर महिन्याला बाटली पाठव म्हणून बजावलंही. खरं सांगते, कोकणात इतक्यांदा गेले, पण मांडवीचा सूर्यास्तसुद्धा या खेपेला धड आठवत नाही. आठवतात ते तांब्या खाली ठेवणारे आप्पा.

परवा सुनंदाचा फोन आला. मालतीकाकींचा पंप जळाला, म्हणून त्या हंडा घेऊन खाली आल्या होत्या. आल्या आणि अंगणातच घुटमळल्या. आप्पा उठले, स्वतः कळशी ओढली, काकींचा हंडा काठोकाठ भरला.

"काही बोलले का गं?" मी विचारलं.

"बोलले ना. म्हणाले, विचारायचं काय त्यात, घ्या. आणि मग आत येऊन म्हणाले, सुनंदा, जेवायला वाढ."