शेवंताच्या घराचा कागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, शेजारणीला नाही. देवापुढं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी मागून परत आले. तुम्ही वाचायला बसलाय तर सांगते. मी बोलते तशीच लिहिते, मधेच दुसरीकडं जाते — पण परत येईन. ह्या वेळी परत यायचंच आहे.

आधी माझ्या वाचण्याचं सांगावं लागेल. मी शाळेत गेले नाही. भाऊ पाटीवर अक्षरं गिरवायचा आणि मी त्याच्या समोर बसून तांदूळ निवडायची. म्हणून मला अक्षरं आधी उलटी आली, मग सुलटी. लग्न होऊन कर्नाटकात, रामनगरजवळच्या ह्या गावात आले, तर आळीत वाचणारी बाई मी एकटीच. लग्नाची पत्रिका माझ्याकडं, मुंबईहून आलेलं पत्र माझ्याकडं, खताच्या पोत्यावरचं सुद्धा माझ्याकडं. "वैनीला दाखवा, वैनी वाचती." गोड वाटायचं हो. कुणाला वाटणार नाही?

पण मला येत होतं ते मराठी. कानडी बोलते मी भरपूर — बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात. भांडतेसुद्धा कानडीत. वाचायला मात्र एक अक्षर येत नव्हतं. आणि सरकारी कागद तर सगळे कानडीतच. कुणी आणला की मी म्हणायची, "ठेवून जा, चष्मा सापडला की बघते." मग तो पिशवीत घालून रामनगरला एका ओळखीच्या दुकानदाराकडून वाचून घ्यायची, आणि घरी येऊन आपणच वाचल्यासारखं सांगायची. कागदात असेल तेच सांगायची, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग ते खोटं कसं? — असं मी मला कितीतरी वर्षं समजावलं.

शेवंता माझी धाकटी नणंद. नवरा गेला, मुलगा रवी वास्कोला कामाला. तिचं मातीचं घर एका बाजूनं बसलं, तेव्हा रवीनं स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं. फोनवर त्याचा एकच धोशा — "आई, लायसनवालाच कंत्राटदार बघायचा. लायसन डोळ्यानं बघितल्याबिगर पाया खणू द्यायचा न्हाई." शेवंता म्हणाली, फोटो काढून धाडू का? तर म्हणाला, "कशाला? मामीनं बघितलं की झालं."

मामीनं बघितलं की झालं. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

कंत्राटदार आला. बसप्पा त्याचं नाव. तोंडात साखर, खिशाला दोन पेनं. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "ओदरी अक्का, ओदरी." वाचा अक्का, वाचा. शेवंता चहाची कपबशी धरून माझ्या तोंडाकडं बघत उभी. आणि चष्मा? चष्मा माझ्या नाकावरच होता! सापडत नाही म्हणायचं कसं?

दोन दिवस ठेवून घेते, एवढंच म्हणायचं होतं. किंवा सरळ — बाई, मला कानडी वाचता येत नाही. सहा शब्द. तेवढ्यानं काय झालं असतं? आळीतल्या बायका हसल्या असत्या चार दिवस.

मी ओळीवर बोट ठेवलं. सावकाश फिरवत खाली नेलं. मधे एकदा थांबून परत वरच्या ओळीला गेले — म्हणजे नीट बघतेय असं वाटावं. ओठसुद्धा हलवले. खाली गोल शिक्का होता, तिथं बोट टेकवलं आणि म्हणाले, "व्हय. बरोबर हाय. घर बांधायचंच लायसन हाय."

बसप्पा माझ्याकडं बघून हसला. त्याला कळलं होतं का? कळलं असावं. शेवंतानं त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली, कोपऱ्याला कुंकू लावलं आणि देवापुढं ठेवली. नंतर म्हणाली, "वैनी, तूच सांभाळ. माझ्याकडं उंदीर लई." तेव्हापासून तो कागद माझ्या ट्रंकेत आहे.

घर झालं. स्लॅब पडला, मागच्या दारावर तोच स्लॅब हातभर पुढं काढून छज्जा केला. दुसऱ्या दिवसापासून शेवंता पाण्याच्या कामाला लागली. स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून, वाफ्यात भरतात तसं पाणी भरून ठेवायचं, एकवीस दिवस. शिडीवरनं डोक्यावर घागर घेऊन चढायची बाई. नवव्या दिवशी खानापूरकडं भाचीचं लग्न होतं, म्हणून दोन दिवस गेली. जाताना काठोकाठ भरून गेली. आली तशी चपलांसकट शिडी चढली, मागोमाग मी. बोटभर पाणी होतंच. मी पाहिलंय. हे लक्षात ठेवा.

वास्तुशांत झाली, जेवणं झाली. सगळ्यांना पुरणपोळी गोड लागली, मी मात्र पान तसंच ठेवून उठले. काय लिहिलं असेल त्या कागदात? दुकानदाराला दाखवायचं धाडस होईना — त्यात काही भलतंच निघालं तर तो गावभर सांगेल. मग मी काय केलं असेल? रामनगरच्या स्टँडवर जाऊन बसायला लागले. बसवर पाटी कानडीत, कंडक्टर ओरडतो ते नाव कानात. हल्याळ, दांडेली, कारवार, धारवाड. नाव ऐकायचं, अक्षरं बघायची, जुळवायची. हिवाळाभर बाजाराची पिशवी घेऊन बसले. लोक विचारायचे, "अक्का, यल्लिगे?" कुठं निघालात? काय सांगू?

आणि एका दुपारी ट्रंक उघडून वाचलं. एक एक अक्षर. 'सिमेंट' आलं. मग एक शब्द अडला, तो सोडला. पुढं — अं… ग… डी. अंगडी. आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असलेला शब्द. दुकान! सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवायला पंचायतीनं दिलेला परवाना होता तो. घर बांधायचा त्यात शब्द नव्हता.

तेव्हा तरी जाऊन सांगायचं ना? चार घरं सोडून राहते ती. मी कागद घडी घालून ठेवला. म्हटलं, घर तर उभं आहे. आता सांगून तिची झोप का घालवायची? तिची झोप म्हणे. झोप माझी गेली होती, आणि काळजी मी माझ्या नावाची करत होते.

पुढच्या श्रावणात मागच्या दारात ती भांडी घासायला बसली होती आणि छज्जा खाली आला. सगळा तिच्यावर आला असता — एक कोपरा पायावर आला. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता काठी घेऊन चालते.

ती दवाखान्यात असताना मी रामनगरहून एका जुन्या गवंड्याला बोलावून आणलं. त्यानं तुटलेला तुकडा पायानं उलटा केला आणि कपाळाला हात लावला. "अवो मावशी, छज्ज्याला सळई वरच्या अंगाला लागती. ह्यानं खाली घातलीया. कुणी बांधलं हे?" मी विचारलं, पाणी कमी पडलं असेल का? तो म्हणाला, "पाण्याचा काय संबंध? समुद्र वतला असता तरी पडलंच असतं."

हे त्यानं मला एकटीला सांगितलं. आणि मी एकटीनंच ठेवून घेतलं.

कारण तिकडं बसप्पानं शेवंताला फोनवर सांगितलं होतं, "नीर सरी हाकिल्ला, अक्का." पाणी नीट मारलं नाहीत. आणि तिनं ते मानलं. खाटेवर पाय वर बांधलेला, आणि मलाच म्हणते, "वैनी, लग्नाला मरायला कशाला गेले मी? दोन दिस तोंड गोड करायला गेले नि घराचं वाटोळं केलं." मी तिथंच, तिच्या उशाशी. तिचा हात माझ्या हातात. मी म्हणाले, "जाऊ दे, होतं असं."

होतं असं! कंत्राटदारानं तिचा पाय घेतला. पण दोष तिच्याच माथ्यावर कुणी राहू दिला?

त्या दिवसापासून ती कुठल्या लग्नाला गेली नाही. भाचीच्या बाळाच्या बारशालासुद्धा नाही. घर सोडलं की काहीतरी पडतं, असं तिच्या मनात बसलंय. ती आतल्या खोलीत त्याच स्लॅबखाली झोपते. मी तिच्याकडं गेले की बोलत असते आणि डोळे वर फिरवत असते, कुठं भेग दिसते का. ती विचारते, "काय बघतीस गं? कोळ्याचं जाळं हाय व्हय?"

आता रवीनं वर मजला काढायचा ठरवलाय. बसप्पाकडूनच. त्याला काम का नाही देणार? त्याची काही चूक नव्हती, चूक आईची होती, असंच त्या घरात सगळे धरून चालतात. रविवारी तो बसप्पाला घेऊन येणार. परवा शेवंता काठी टेकत आली, पायरीवर बसली आणि हसून म्हणाली, "ह्या बारीला एकवीस दिस उंबरा वलांडत न्हाई बघ. सख्ख्या भावाचं लगीन असलं तरी न्हाई. तू तेवढा कागद बघून घे, वैनी." भाऊ तिचा होता तो माझा नवरा, आणि तो जाऊन किती वर्षं झाली. तिचंच तिला हसू आलं. मीही हसले. हसले मी, काय सांगू तुम्हाला.

कागद ट्रंकेतून काढून पुढ्यात ठेवलाय. कुंकवाचा ठिपका तपकिरी झालाय. आता मला तो बोट न ठेवता वाचता येतो, मधला अडलेला शब्दसुद्धा. रविवारी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचेन म्हणते. वाचेन म्हणते — असं मी दवाखान्यातून परत येतानाही म्हटलं होतं. म्हणून आधी इथं लिहून ठेवलं, मला मागं फिरता येऊ नये.

शेवंतानं पाणी नीट मारलं होतं. कागद मी वाचला नव्हता.