बिनबैलाचं अळू

वाशीला राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, ज्येष्ठात, आईने टोपलीत पडून मोड आलेल्या चार अळकुड्या डालड्याच्या डब्यांत पुरल्या. डब्यांना खालून खिळ्याने भोकं पाडली होती. माती इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवरची. आणखी एका डब्यात माठाच्या जुडीची कापून उरलेली मुळं आणि भोपळ्याच्या बिया होत्या.

कारण ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. कोकणात परसात कुदळीने खणून लावलेली भाजी असायची, त्यामुळे प्रश्न येत नसे. वाशीत पहिल्या वर्षी आईने बाजारात मांडलेला ऋषीच्या भाजीचा वाटा घेतला. यात बैलाचं काही नाही ना, असं तिने विचारलं. भाजीवाला म्हणाला, "ताई, सगळं टेम्पोने आलंय."

ती भाजी तिला वर्षभर खटकत राहिली. यंदा व्रताचं उद्यापन करायचं होतं. लग्नापासून धरलेलं व्रत शेवटच्या पंगतीला बाटू नये, एवढंच तिला हवं होतं.

आषाढात पानं तळहाताएवढी झाली, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या काकू गॅलरीत आल्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या.

"वहिनी, खत काय घातलंय?"

"चहाचा चोथा."

"शेण नाही ना? बैलाचं का गाईचं, कुणी बघितलंय?"

"चोथा म्हटलं ना."

"आणि अळकुडी कुठली?"

"घरातली. टोपलीत मोड आले होते."

"टोपलीत काय आभाळातनं पडली? इकतचीच की. म्हणजे नांगरलेल्या रानातली. आई बैलाची, तर लेक कुणाची हो?"

आई हसली. काकू गेल्यावर तिने गॅलरीचं दार लावून घेतलं. "हिला माझं उद्यापन होऊ द्यायचं नाही," ती मला म्हणाली. याला पुरावा नव्हता.

अळकुड्या दारावर येणाऱ्या एका बाईकडून घेतल्या होत्या. ती खाडीकाठच्या गावातली. पुढच्या खेपेला आईने तिला थांबवलं.

"मागे दिल्यास त्या अळकुड्या कुठल्या?"

"आमच्या शेतानच्या, बाय. ताज्या व्हत्या."

"शेत नांगरता का गं?"

बाईने पाटी खाली ठेवली. "कंचा उपास हाय?"

आईने सांगितलं.

"मंग नाय. त्या नाल्याच्या कडंला आपसूक येतान. बैलाची सावली पन नाय."

बाई गेल्यावर आई म्हणाली, "कारण कळायच्या आधी बोलली ते खरं." गावात जाऊन बघून येतो, असं मी म्हणालो. "तिथेही तुला आधी उपास कुठला ते विचारतील," ती म्हणाली. मी गेलो नाही. शेताचं खरं की नाल्याचं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या ऋषिपंचमीला उद्यापन झालं नाही. आईने फळांवर उपास काढला. पानांचं फदफदं पुढच्या आठवड्यात झालं. ते आम्ही बाकीच्यांनी खाल्लं.

थंडीत पानं पिवळी पडल्यावर तिने डबे उपडे केले. निघालेल्या अळकुड्या तिने कोरड्या मातीत घालून झाकणाच्या डब्यात ठेवल्या, कपाटावर. बाजारातल्या त्यांत मिसळायला नकोत म्हणून टोपलीत ठेवल्या नाहीत. पुढच्या ज्येष्ठात त्याच लावल्या. माठ आणि भोपळाही आदल्या वर्षी डब्यात धरलेल्या बियांचा.

काकू पुन्हा आल्या. वाकून बघितलं.

"ही म्हणजे नात झाली."

"मग नातीला आजीचा दोष लागतो का, तुम्हीच सांगा."

काकूंनी थोडा विचार केला. "लेकीची लेक. म्हणजे परगोत्राची. चालतंय."

आईचं समाधान झालं नाही. इतक्या लवकर हिला कसं पटलं, असं तिने त्या महिन्यात मला दोनदा विचारलं.

ऋषिपंचमीला उद्यापन झालं. इमारतीतल्या सात बायका जेवायला होत्या. आईने भाजी पहिल्यांदा काकूंच्या पानात वाढली. त्यांनी घास गिळेपर्यंत ती पातेलं धरून समोर उभी होती. मग तिने बाकीच्यांना वाढलं.