लेमुएलकाकांच्या भिंतीवरचा कायदा

लेमुएल टॉलिव्हर आमच्या गावच्या कोर्टात चौतीस वर्षं झाडू मारत होते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं आमचं गाव लहान, पण कोर्टाला दरवाजे दोन, नळ दोन, शपथ घ्यायला बायबलंही दोन. एक गोऱ्यांचं, एक आम्हा काळ्यांचं. धूळ मात्र दोन्हींवरची लेमुएलकाकाच पुसत.

शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. कायद्याची नवी पुस्तकं आली की जुनी जाळायला त्यांच्या हाती देत. ते विचारून घरी आणत. आमच्या वस्तीत फटींतून वारा येऊ नये म्हणून फळ्यांच्या भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवतात. त्यांच्या बायकोनं, ओझेलाकाकूंनी, त्या पुस्तकांची पानं चिकटवली. मग काकूंकडून अक्षरं शिकून काकांनी अख्खं घर वाचून काढलं. चुलीच्या वर, रेल्वेच्या कुठल्या डब्यात कोणी बसायचं. पलंगाच्या उशाशी, कोणी कोणाशी लग्न करायचं नाही. दाराशेजारी राज्यघटना, मत द्यायचा हक्क कोणाला.

नोकरी सुटली त्याच वर्षी ते मतदार म्हणून नाव घालायला निघाले. मी आमच्या शाळेतली मास्तरीण, कॉलेज शिकलेली. नाव घालण्याआधी राज्यघटना वाचून अर्थ सांगायची परीक्षा असे; मला तीत दोनदा नापास केलं होतं. तरी त्यांच्यासोबत गेले.

त्याच कोर्टात नोंदणीच्या टेबलाशी हॅडलीसाहेब होते. "काय रे लेमुएल, इथं काही विसरलास का?"

"नाही साहेब. यादीत नाव घालायला आलोय."

साहेब हसले. राज्यघटनेतलं सगळ्यात लांबलचक कलम काढून त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. काकांनी पान एकदा पाहिलं, पुस्तक साहेबांकडे वळवलं आणि हात मागे बांधून कलम म्हणायला लागले. साहेब ओळींवरून बोट फिरवू लागले. कलम संपलं, तसे काका पुढच्या कलमात शिरले. शेजारच्या खोलीतलं टंकलेखन थांबलं. दारात माणसं जमली. ज्या माणसाला मी इतकी वर्षं बादली घेऊन जाताना पाहत होते, त्याच्या तोंडून कायदा असा येत होता जणू त्यानंच तो केला.

"पुरे," साहेब म्हणाले. "आता अर्थ सांग."

"अर्थ असा साहेब, की मला नाही म्हणायला तुमच्याकडे कारण उरलेलं नाही."

साहेबांनी अर्जावर नापास लिहिलं. अर्थ चुकला म्हणाले.

परतताना मला रडू आवरेना. काका शांतपणे म्हणाले, "मास्तरीणबाई, पाहिलंत का, मधे एकदा त्यांचं बोट ओळ चुकलं. सापडेपर्यंत मी थांबलो होतो."

त्यानंतर ते आणखी आठ वेळा गेले आणि आठही वेळा नापास झाले. दरम्यान रविवारी प्रार्थना आटोपली की लोक त्यांच्या घरी जमायचे आणि भिंतीसमोर उभं राहून शिकायचे. मीही शिकले. घराच्या खिडकीवर एकदा दगड आला; काकूंनी तिथं पुठ्ठा लावला आणि वर्ग चालू राहिला.

शेवटी आम्ही त्रेचाळीस जणांनी केंद्र सरकारच्या कोर्टात दाद मागितली. समोरचा वकील म्हणाला, हा अडाणी म्हातारा पोपटासारखं पाठ करून आलाय. तेव्हा न्यायाधीशांनी स्वतः एक कलम निवडून काकांना समजावून सांगायला लावलं. कोणत्या शब्दावर लोकांना अडवतात, कोणत्या शब्दानं त्यांना आत घ्यायला हवं, हे काकांनी शेतातल्या माणसालाही कळेल असं सांगितलं. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं, मिस्टर टॉलिव्हर?"

कोणा गोऱ्या माणसानं त्यांना 'मिस्टर' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कोर्टानंच शिकवलं, महाराज. मी झाडत होतो."

आठ महिन्यांनी निकाल लागला. त्रेचाळीस नावं एकाच दिवशी यादीत चढली. मतदानाच्या दिवशी लेमुएलकाका बहात्तर वर्षांचे होते. मतपत्रिकेवरची प्रत्येक ओळ, अगदी खालच्या पदांपर्यंत, त्यांनी बोट ठेवून वाचली. वीस मिनिटं लागली. मागे आमची रांग दारापर्यंत गेली होती, पण कोणी हूं की चूं केलं नाही.