सांड मी लिहिला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, पण आधी थोडी फुशारकी ऐकून घ्यावी लागेल — कारण तो सांड मी फार झकास लिहिला होता.

काशीत रामघाटावरच्या आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत दरवर्षी एक नक्कल होते. लिहायची मी, करायची माझा मावसभाऊ विनू याने. त्या वर्षी मी सांड लिहिला. गल्लीत आडवा बसलेला. कुणी म्हणतं गटार तुंबलंय, कुणी म्हणतं नळाला पाणी नाही. सांड सगळ्यांचं ऐकतो, सगळ्यांकडून केळी खातो आणि तिथेच बसून राहतो. लोक हात जोडून, भिंतीला अंग घासत पलीकडे जातात. इथे असा सांड रोज भेटतो, मग आक्षेप कोण घेणार? आजही त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही.

पण कागदावरचा सांड कुणाचाच नसतो. त्याला चेहरा द्यावा लागतो. आमच्या वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, तक्रार ऐकताना डोळे मिटून पोटावरून सावकाश हात फिरवायचे. तालमीत मीच विनूला तसं करायला लावलं. तो कचरत होता — पार्षद त्याच्या शाळेच्या समितीवर होते, आणि तो तिथे तात्पुरता मास्तर, कायम होण्याची वाट पाहणारा. मी म्हटलं, जनावराच्या आडून बोललेलं कोण अंगाला लावून घेतो?

विनूने पोटावरून हात फिरवला आणि लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. प्रमुख पाहुणे म्हणून पार्षद पहिल्याच रांगेत होते. तेही हसले.

प्रसाद झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"लिखा तो बहुत बढ़िया है, पंडितजी," ते मला म्हणाले. "मगर ये पेट पर हाथ फेरना किसका था?"

घाबरलो का? थोडा. पण खरं त्याहून वाईट आहे — ती तारीफ मला हवी होती. या माणसाच्या तोंडून हवी होती. मी म्हटलं, मी फक्त सांड लिहिला; कागद पाहा, त्यात पोटाचं काहीच नाही.

विनूने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जी, वो मेरा ही था."

पुढच्या सत्रात शाळेने त्याला बोलावलंच नाही. तो बनारस सोडून सासुरवाडीला, नागपूरकडे गेला. तिथे शिकवण्या घेतो. मावशी मंगळागौरीच्या देवळाजवळच्या घरात एकटी राहते. विनूच्या जाण्यावरून तिने मला कधी बोल लावला नाही. म्हणजे त्याने तिलाही सांगितलं नसणार.

यंदा ते पार्षद निवडणूक हरले. लगेचच्या गणपतीत मी तोच सांड पुन्हा काढला आणि या वेळी स्वतः केला — पोटासकट. टाळ्या थांबेनात. मला फार बरं वाटलं, अगदी आतून. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवर सांगितलं की सत्तेला असं तोंडावर बोलायला छाती लागते, आणि ती आमच्या पंडितजींकडे आहे. त्यांनी शाल पुढे केली.

मी मान वाकवून ती घेतली.