मस्कतचं बाळ आणि महाडची वायर

आमच्या घरात इंटरनेट आलं, त्या दिवशी गावाकडची माणसं मला पोचवायला आली होती. पोचवायला म्हणजे एस.टी. स्टँडवर नव्हे. शेवटचं!

झालं असं, की माझी नणंद सुनंदा मस्कतला बाळंत झाली आणि तिच्या नवऱ्याने बाळाचा फोटो ईमेलने पाठवला. महाडात मी टायपिंगचे क्लास चालवायचे, त्यासाठी नुकताच घरी कॉम्प्युटर घेतला होता. इंटरनेटचं खातंही काढलं होतं. फक्त टेलिफोनची वायर कॉम्प्युटरला जोडून ते सुरू करायचं तेवढं राहिलं होतं. सासूबाई आणि मामंजी डोंगरावर, उमरठच्या वरच्या वाडीत. दर रविवारी मामंजी खाली उतरून उमरठच्या दुकानातून फोन करायचे आणि विचारायचे, "नातीचा तोंड कधी दाखवतेस गो?"

"कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस बोलवू," आमचे हे म्हणाले. हे बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक कामाला एक माणूस असतो, आणि तो माणूस आपण कधीच नसतो.

"कशाला माणूस? टाइपरायटरची रिबिन मी बदलते. परवा मिक्सर मी उघडला."

"उघडलास. बंद कोणी केला?"

बस्स! त्या एका वाक्यावर मी ठरवलं, प्राण गेला तरी माणूस बोलवायचा नाही. (प्राण गेल्याची बातमी पुढे पसरलीच, पण तिकडे येतेच.)

रविवारी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मी कॉम्प्युटरच्या मागे शिरले. तिथे भोकंच भोकं! फोनची वायर काढून मी त्यातल्या सगळ्यांत ऐसपैस भोकात घातली. कॉम्प्युटर म्हणाला, फोन सापडत नाही. मी वायर हलवली, फुंकर मारली, थोडं रागावूनही बघितलं. तरी सापडत नाही! शेवटी वायर काढून परत फोनला लावली आणि कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराच्या घरी फोन केला. (त्याला बोलावलं नव्हतं. फक्त विचारलं. फरक आहे!)

"मॅडम, कॉम्प्युटर चालू आहे?"

"आहे."

"छान. आता फोनची वायर काढा आणि..."

मी काढली. आणि रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ "हां, पुढे? पुढे काय?" म्हणत राहिले.

हे पेपर वाचत होते. पेपर गदागदा हलत होता.

मग मी समोरच्या फडके काकूंना खिडकीतून हाक मारली. काकूंकडेही फोन होता आणि त्यांचा आवाज तर असा, की फोनची गरजच नव्हती. ठरलं असं : काकूंनी तिकडून दुकानदाराशी बोलायचं आणि तो सांगेल ते खिडकीतून मला ओरडून सांगायचं.

"विचारतोय, वायर कुठल्या पोटात घातलीस?"

"पोर्ट, काकू, पोर्ट!"

"तेच गं! मोठ्या पोटातली काढ, लहानात घाल! आणि तुझ्या फोनचं डबडं त्याच्या शेजारच्या पोटात!"

"घातलं! पुढे?"

"कंट्रोलमध्ये जा म्हणतोय!"

खालून रस्त्याने जाणारे एक गृहस्थ जागीच थांबले. "काय हो, कंट्रोलमध्ये साखर आली का?"

"आज रविवार, कंट्रोल बंद असतं," काकूंनी परस्पर दुकानदारालाच सुनावलं. "उद्या जाईल ती!"

"काकू, कंट्रोल पॅनेल! ते कॉम्प्युटरमध्ये असतं!"

"अगो बाई, रेशनपण त्यातच?"

गृहस्थ पिशवी आणायला घरी पळाले.

"आता पासवर्ड टाक म्हणतोय! कॅपिटल अक्षरं नीट बघ म्हणतोय! काय ठेवलायस गं पासवर्ड?"

आता आली का पंचाईत! पासवर्ड म्हणून मी ठेवलं होतं यांचं नाव. लग्न झाल्यापासून चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी भर गल्लीत, खिडकीतून, खणखणीत आवाजात घेतलं. उखाण्याशिवाय आणि स्पेलिंगसकट! पेपर हलायचा थांबला.

आणि कॉम्प्युटर बोलला! आधी टुंग टुंग, मग खर्रर्र, मग कुणीतरी गल्लीतून पत्रा फरफटत नेतंय असा आवाज. आणि लागलं! इंटरनेट लागलं! मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "हं." विजय मानायला मला तेवढं पुरे होतं.

फोटो उघडला. म्हणजे उघडायला लागला. पट्टी पट्टीने, वरून खाली. आधी भिंत. मग आणखी भिंत. मग पडदा. मध्येच लाइन तुटायची की पुन्हा पहिल्यापासून भिंत. आमची जेवणं झाली, भांडी झाली, तेव्हा कुठे आम्ही पडद्याच्या झालरीला पोचलो.

"आता बंद कर. उमरठहून दादा फोन लावत असतील," हे म्हणाले.

"फोटो पुरा झाल्याशिवाय तोडायचं नाही!"

"अगं, पण..."

"नाही म्हणजे नाही!"

तिकडे उमरठच्या दुकानात मामंजी सकाळपासून फोन लावत होते. (हे मला नंतर कळलं.) आधी घंटी नुसतीच वाजत होती, कोणी उचलेना. मग एकदम एंगेज, ते एंगेजच! दुकानात बसलेल्या मंडळींनी शांत डोक्याने विचार केला आणि निष्कर्ष काढला : लेक बाहेर गेला असणार, सूनबाई घरात एकटी, फोन उचलायला उठली, उचलला, आणि तिथंच पडली! रिसीव्हर लोंबतोय.

उन्हं कलायच्या सुमाराला खाली जीप थांबली. आधी रडणं वर आलं, मग माणसं. मामंजी, सासूबाई, वाडीतले चार म्हातारे, त्यांच्या बायका आणि एक बोकड. (जीप खरं तर बोकडाला बाजारात न्यायला निघाली होती. बाकीचे नंतर चढले.)

मी दार उघडलं. "माजी सून गेली रे!" असा टाहो फोडत सासूबाई माझ्याच गळ्यात पडल्या. मग मान वर करून त्यांनी मला बघितलं. "तू हायस? मंग गेला कोन?"

"कोणी नाही, आई. सगळे धडधाकट आहेत."

मामंजींना ते पटलं नाही. ते तडक फोनपाशी गेले, रिसीव्हर कानाला लावला आणि ओरडले, "यात कोनतरी घरघरतंय! जीव हाय अजून!"

"ठेवा तो फोन!" मी किंचाळले.

उशीर झाला होता. स्क्रीनवर बाळाचं जावळ आलं होतं, कपाळाची कड दिसत होती, आणि तिथेच लाइन तुटली. सुनेने सासऱ्यावर आवाज चढवला म्हणून घर चिडीचूप. फक्त बोकड बोलला.

"मी म्हटलं होतं," हे हळूच म्हणाले, "माणूस बोलवू."

"माणसं आलीत आता! जीप भरून आलीत!" मी पदर खोचला. "सगळ्यांनी खाली बसा. फोनला कोणी हात लावायचा नाही. बाळ बघितल्याशिवाय इथून कोणी हलायचं नाही!"

माझ्यासाठी रडायला आलेली माणसं कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसली. चहा झाला, पोहे झाले. भिंत आली, पडदा आला.

"पोरगी पडद्याआड हाय काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

मग जावळ. कपाळ. डोळे. आणि नाक!

"नाक बघा!" मी ओरडले. "हुबेहूब मामंजींचं!"

मामंजी आपलं नाक चाचपून बघायला लागले. मग कोणाला कान आत्याचे दिसले, कोणाला हनुवटी पणजीची. सासूबाईंनी मीठमोहऱ्या आणि मिरच्या घेऊन मॉनिटरची दृष्ट काढली. सगळे खोकले, सगळे हसले, दोघीतिघींनी पुन्हा डोळे पुसले. मी छाती पुढे काढून इंटरनेट बंद केलं.

बंद केल्या केल्या फोन वाजला. सुनंदा!

"वहिनी, दिवसभर लावतेय मी फोन! अगं, यांनी घाईत भलताच फोटो पाठवलाय. तो शेजारच्या केरळी बाईंचा मुलगा. आपली वेगळी!"

मी रिसीव्हर ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. सांगावं लागलं. मामंजींचा हात नाकावरून अलगद खाली आला.

"मंग काय झाला?" सासूबाई म्हणाल्या. "त्या पोराची पन दिष्ट निघाली. पोरच हाय ना ते!"

यांनी तोंड उघडलं. "माणूस बोलवायचा नाही!" मी आधीच सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी खरा फोटो मीच उतरवला. कोणाच्या मदतीशिवाय, अगदी पायाच्या अंगठ्यापर्यंत! पोरगी गोड होती. आणि तिचं नाक कोणावर गेलंय, हे घरात जाहीर करायच्या आधी मी इंटरनेट बंद केलं, मस्कतला फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारून घेतलं, "सुनंदा, ही नक्की आपलीच ना गं?"