चांदीचं सासर

आर्णीच्या अलीकडे, नाला अरुणावती नदीला मिळतो त्या तोंडाशी एक तांडा आहे. तिथल्या धरमसिंगला कुणी विचारलं, "तुमच्याकडं काय काय हाय?", तर तो आधी चांदी म्हणायचा, मग शेत, मग घर, आणि बायको मागेच उभी आहे हे लक्षात आलं की घाईघाईने मानीबाई. चांदी ही त्याची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. मानीबाई तिला "माही सवत" म्हणायची. पण त्याच सवतीसाठी तिने स्वतःच्या जुन्या घागऱ्याचा काठ कापून, कवड्या टाकून, गळपट्टा शिवला होता. सवतीचे असे लाड दुसऱ्या कुणी केले असतील तर दाखवा.

चराईचं रान नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की तांड्यातले लोक म्हशीचं शेपूट धरून पलीकडे जात. धरमसिंगच्या बापाने त्याला लहानपणी एवढंच बजावलं होतं, की मध्यावर काहीही झालं तरी शेपूट सोडायचं नाही. चांदी तर हाकेची म्हैस. संध्याकाळी धरमसिंग काठावरून "हुर्रर्र, ये चांदीऽ" असं ओरडला की ती पलीकडून सरळ पाण्यात उतरायची. पाणी किती आहे, हे ती कधी बघायची नाही.

त्या जुलैत आभाळ फाटलं. सकाळी तांडा उठून पाहतो तर नाल्यापलीकडची शेतातली घरं पाण्यात आणि माणसं छपरांवर. तांड्याच्या प्रमुखाने, नायकाने, फोनवर फोन लावले. बोट निघाली होती म्हणे, पण वाटेतले पूलच पाण्याखाली. पलीकडून लेकरांचं रडणं ऐकू येत होतं. धरमसिंग गोठ्यात गेला आणि त्याने चांदीचं दावं सोडलं.

मानीबाई आडवी आली. "येडा झाला का तू? तुले पोहता तरी येते काय?"

"मले नाई येत," धरमसिंग म्हणाला. "तिले येते."

वरच्या अंगाला पाणी सोयाबीनच्या शेतांत पसरून जरा संथ झालं होतं. तिथून तो उतरला. एका मुठीत शेपूट, परतताना दुसऱ्या बगलेत लेकरू. मग म्हाताऱ्या, मग बाया. दुपार झाली. चांदीच्या नाकातून फेस यायला लागला, तरी तो हाक द्यायचा आणि ती पुन्हा पाण्यात शिरायची. शेवटी राहिली शीला, तिथल्या घरातली सून. सगळ्यांना पुढे घालून ती मागे थांबली होती.

शीलाला घेऊन येताना पाणी एकाएकी वाढलं. काठ हाकेवर आला होता. तिथून पुतण्या भावसिंगने दोर फेकला. धरमसिंगने तो शीलाच्या काखेतून घातला, एका हाताने स्वतः धरला आणि मागे पाहिलं. दोघांच्या भाराने चांदीचं तोंड पाण्याखाली जात होतं. बापाचा शब्द त्याला आठवला नसेल असं नाही. त्याने शेपूट सोडलं.

भावसिंगने दोघांना काठावर ओढलं. चांदी हलकी होऊन वर आली. पण थकलेल्या जिवाला काठ गाठवेना. प्रवाहाने तिला नदीच्या बाजूला ओढून नेलं. कवड्या एकदा चमकल्या, आणि मग नुसतं गढूळ पाणी.

पुढे यवतमाळला सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. दोन शब्द बोला म्हणाले, तर धरमसिंग माईकजवळ गेला आणि त्याने विचारलं, "माही म्हैस कोणाले दिसली काय?" लोक हसले, त्यांनी टाळ्याही वाजवल्या. तो खरंच विचारत होता.

पुराच्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो काठावर उभा राहून हाक मारायचा, घसा बसेपर्यंत. तांड्यातली पोरं आधी हसली, मग गप्प झाली. मानीबाईने त्याला कधी अडवलं नाही. रिकामा गोठा ती रोज झाडायची, आणि सवत हा शब्द मात्र तिच्या तोंडून गेला तो गेलाच.

कापूस फुटला, थंडी पडली. भावसिंग टेम्पो घेऊन नदीकाठच्या एका गावात कापूस भरायला गेला होता, तो धावतच आला. "काका, कपाळावर ठिपका हाय. गळ्यात कवड्या हाय!"

दुसऱ्या दिवशी तिघं टेम्पोने निघाली. धरमसिंगने नवं दावं घेतलं होतं. मानीबाईने गारठ्यासाठी सत्काराची शाल अंगाभोवती गुंडाळली होती.

गावाबाहेर टेकाडावर रुखमाबाई नावाची एकटी बाई राहत होती. पुरात तिच्या दोन्ही गाई गोठ्यासकट गेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर बाभळीच्या काट्यांत अडकलेली चांदी तिला सापडली. पाय फाटलेला. हळद लावून लावून तिने तो बरा केला होता.

"देवानं धाडली समजून राह्यलती मी," ती म्हणाली. "पण तुमची हाय, तर न्या भाऊ." आणि तिने दुसरीकडे बघत दावं सोडलं.

मानीबाई पुढे झाली. तांड्यातल्या बाया सासरी दिलेल्या लेकीला भेटल्या की गळ्यात पडून गात गात रडतात. त्या गाऊन रडण्याला ढावलो म्हणतात. मानीबाईने चांदीच्या मानेला मिठी मारली आणि मोठ्याने सूर लावला, "मारी छोरी ये..." चांदी तिचा खांदा चाटत राहिली.

टेम्पो खाली रस्त्यावर. वाटेत घोट्याएवढ्या पाण्याचा ओहोळ. चांदी तिथे आली आणि जागच्या जागी थिजली. सगळं अंग थरथरायला लागलं. धरमसिंग पलीकडे जाऊन उभा राहिला आणि सवयीने त्याने हाक दिली. "हुर्रर्र, ये चांदीऽ."

तिचे डोळे पांढरे झाले होते. तरी तिने पाय उचलला, पाण्यात टाकला, आणि थरथरतच दुसरा उचलला. भीतीने मरत होती, पण हाक त्याची होती, म्हणून येत होती.

धरमसिंगने दुसरी हाक दिली नाही. घरी नेली तर रोज नाला, दर वर्षी पावसाळा. तो पाणी तुडवत परत आला, छातीने रेटून तिला मागे सारलं आणि दावं रुखमाबाईच्या हातात दिलं.

"राहू द्या बाई. हितं पाणी येत नाई ना?"

"टेकाडावर कायले येते?"

मानीबाईने शाल काढून चांदीच्या पाठीवर पसरली. "लेकीले उघड्या अंगानं कसं ठेवावं," म्हणाली. टेम्पो रिकामाच तांड्याकडे वळला. वाटेत धरमसिंग मधूनमधून तळहात नाकाशी नेत होता. हाताला तिचा वास होता.

त्या संध्याकाळीही तो नाल्यावर गेला. पाणी गुडघ्याएवढंच होतं. नदीच्या दिशेला तोंड करून त्याने हाक मारली, पण अगदी हळू, ओठातल्या ओठात. ऐकू गेली असती, तर ती निघाली असती.