डाळ शिजवून वावर पाहणाऱ्या पार्वताबाई

कोणाचंही वावर, म्हणजे शेत, पाहायला गेलं की पार्वताबाई आधी त्या वावरात पाऊलच टाकायच्या नाहीत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून शेजारच्या वावरात धूर कुठे निघतोय ते बघायच्या आणि थेट तिकडे चालू लागायच्या. तिथे चुलीपाशी जी कोणी बाई असेल तिच्यासमोर उकिडव्या बसून पदराच्या टोकाची गाठ सोडायच्या. गाठीत मूठभर तुरीची डाळ.

"माय, येवढी डाळ शिजवून दे वो तुह्या विहिरीच्या पाण्यात. खायाची नाई, पाह्याची हाये."

वऱ्हाडातली बाई अशा मागणीला नाही म्हणत नाही. आधी हसते, मग गंज चुलीवर चढवते आणि मग बोलायला लागते. कोणाचा धुरा कोणी कोरला, पांदणीची वाट कोणी अडवली, विहीर कोणत्या महिन्यात तळ दाखवते, कोणते भाऊ कोर्टात गेलेत, सगळं बाहेर येतं. पार्वताबाई मधूनमधून फक्त "हाव का?" आणि "बाप्पा!" एवढंच म्हणायच्या. तलाठ्याच्या कपाटात नसेल इतकी माहिती पाऊण तासात गोळा करून त्या उठायच्या.

"वावर काय पाह्यता वो बाई," मला म्हणायच्या, "शेजारी पाहा. वावर खत टाकून सुदरते. शेजाऱ्यात काय टाकसान?"

या पार्वताबाई म्हणजे अमरावतीत आमच्या कॉलनीत भाजीची हातगाडी घेऊन येणाऱ्या. वांगी, पालक, सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि उन्हाळ्यात कधी मोगऱ्याचे गजरे. गावाबाहेर कोणाचं तरी वावर मक्त्याने, म्हणजे खंडाने, करायच्या. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी, शोभा. अंगाने बारीक, आवाजाने दणदणीत. पुण्याहून आलेल्या माझ्या जावेने त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, बाहेर भांडण लागलंय. त्या फक्त "मेथी घेता काय?" विचारत होत्या.

मी तेव्हा बावन्न वर्षांची, शाळेत भूगोल शिकवणारी, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी बाई होते. मला वावर घ्यायचं होतं. घरात कोणाला कारण कळेना. वकीलसाहेब, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "तुला वांगी लागतात किती?" प्रश्न वांग्यांचा नव्हता. आधी मी बाबांच्या घरात राहिले, मग सासऱ्यांच्या, मग यांच्या. फाटकावरची पाटीसुद्धा यांचीच, आणि तीही मीच पुसायची. कुठेतरी एक तुकडा असावा, ज्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव असेल आणि जिथे मी उभी राहिले तर कोणाकडे आल्यासारखं वाटणार नाही, एवढंच हवं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. सांगितलं ते एकदा मेथी निवडता निवडता पार्वताबाईंना.

त्या हसल्या नाहीत. "मंग मले संगं न्या," म्हणाल्या. "तुमाले कोणीबी फसोवते."

मला रागच आला. काळी मृदा कशी तयार होते, तिला भेगा का पडतात हे ज्या बाईने पंचवीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं, तिला कोण फसवणार?

दर्यापूरच्या अलीकडे एक वावर दलालाने दाखवलं. सपाट, काळंभोर, रस्त्याला लागून आणि भाव ऐकून आनंदाने रडू यावं असं. मी कॅनव्हासचे बूट, गवताची टोपी, गळ्यात पाण्याची बाटली अशा थाटात गेले होते. फोटो आहे माझ्याकडे. नातवंडं तो बघून विचारतात, "आजी, तू सर्कशीत होतीस?" मी त्या वावराला नावही देऊन टाकलं होतं, 'सावली'. वावरात झाड एक नव्हतं, पण पेंटरकडून पाटी रंगवून घेतली होती. दलालाने पाटी पाहिली आणि त्याचे डोळे असे चमकले की काय सांगू. जिने पाटी आधी करून आणली ती बाई भाव कशाला पाडते?

पार्वताबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. धुरा ओलांडून शेजारच्या खोपटापाशी गेल्या आणि डाळ चुलीवर चढली. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेवटी त्यांनी चमच्यावर चार दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. "दाबा."

दाबले. खडेच.

"ह्या पान्यात डाळ शिजत नाई," चुलीपाशची बाई म्हणाली. "खारं हाये ना. आमी प्याचं पानी गावातून आनतो. संत्र्याचं झाड लावलं होतं आमच्या मालकानं, थे बी जळलं."

पार्वताबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी मास्तरीन हाये ना? मंग पोट्ट्याईले काय शिकोता वो?"

काय शिकवत होते ते सांगते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती-अकोल्याच्या नकाशावर दरवर्षी पिवळ्या खडूने मी तो पट्टा काढत असे. प्रश्न हमखास यायचा, दोन मार्कांना. त्या पट्ट्याच्या ऐन मध्यात उभी राहून मी फळबागेचं स्वप्न पाहत होते. दोन मार्कांचं उत्तर मला पार्वताबाईंनी चमच्यावर काढून दाखवलं.

पाटी मी घरी आणली. पार्वताबाई म्हणाल्या, "द्या इकडं," आणि त्यांनी ती हातगाडीवर उन्हाच्या बाजूने बांधली. पुढे कितीतरी दिवस 'सावली'खाली पालक ताजा राहत होता.

नंतर दीड वर्ष आम्ही हिंडलो. एसटीने, कोणाच्या ट्रॅक्टरवर बसून, एकदा तर खताच्या पोत्यांवर. त्या मला मुद्दाम उन्हाळ्यात, त्यातही मे महिन्यात न्यायच्या. मी कुरकुरले की म्हणायच्या, "नवरी मांडवात अन वावर पावसाळ्यात पाहू नाई. दोनीबी नटलेले राह्यते." चांदूर रेल्वेकडचं एक मला फार आवडलं होतं. त्याला जायला रस्ताच नव्हता, मालक म्हणाला, "शेजारी जाऊ देतात." पार्वताबाई म्हणाल्या, "आज जाऊ देते. उद्या त्याची सून येईन, थे जाऊ देईन का?" एका ठिकाणी पाणी गोड होतं, डाळ वितळली, मी पर्सला हात घातला. तोवर चुलीपाशच्या बाईच्या तोंडून निघालं की मालकाच्या तीन बहिणींच्या सह्या अजून व्हायच्या आहेत. पार्वताबाई तडक उठल्या. "ज्या वावरात बहिनी रडतात तथी आपन हसू नाई."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं छान वाटलं. वहीत लिहून घेतलं. मूर्खपणाचा आणखी एक पुरावा. वाक्यं वहीत लिहिणारी माणसं ती स्वतःला लावून पाहत नाहीत.

कारण पुढच्याच महिन्यात माझे दोघे भाऊ अंजनगाव सुर्जीहून आले. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. वारस म्हणून त्यांच्याबरोबर माझंही नाव बाबांच्या सातबाऱ्यावर लागलं होतं. धाकट्याने, अरुणने, हक्कसोडपत्राचा कागद टेबलावर ठेवला. "ताई, एक सही. उगाच तुझं नाव कशाला त्या भानगडीत?" सोबत पैठणीचा खोका होता. मी तर विरघळलेच. पेनचं टोपण काढलं. जिने दीड वर्ष स्वतःच्या नावाच्या तुकड्यासाठी चपला झिजवल्या, तीच बाई स्वतःचं नाव खोडायला, "अरे, त्यात काय!" म्हणत बसली होती.

तेवढ्यात फाटकाशी हातगाडी थांबली. वांगी द्यायला पार्वताबाई दारापुढच्या ओट्यावर आल्या, आत पाहिलं, कागद पाहिला. वाचता येत नव्हतं त्यांना. पण तो कागद त्यांनी ओळखला.

"बाई, थांबा."

"अहो, माझे भाऊ आहेत ते."

"हाव ना, भाऊच राह्यतात. मामा-मावसा थोडीच कागद आनते?" मग त्या अरुणकडे वळल्या. "भाऊ, राग नोका मानू. पन बाईले वावर घ्याचं हाये. तलाठी पह्यलं इचारते, तुमी शेतकरी हाय का? ह्या कागदावर सही झाली तं बाईजोळ दाखवाले काय राह्यलं?"

घरात वकील. पण ते आतल्या खोलीत पेपर वाचत होते आणि मेहुण्यांच्या कामात पडायचं नाही हा त्यांचा नियम. चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"तू विचारलं कुठे?"

अरुणचं तोंड उतरलं. मी पेनचं टोपण लावलं. भाऊ चहा न घेता गेले. पैठणीचा खोका घेऊन गेले.

मी ओट्यावर बसून रडले. माहेर तुटलं म्हणून. पार्वताबाई शेजारी बसून निवांत वांग्यांची देठं तपासत होत्या. मग म्हणाल्या, "मी देला होता अंगठा. माह्या बापाचं पाच एकर, विहिरीचं. भावाईनं एक लुगडं देलं, हिरवं. मले थे लय आवडलं होतं. दोन सालात इरलं. मालक मेल्यावर शोभीले घेऊन गेली त भावजय म्हने, कितीक दिवस हाये? मंग मक्त्यानं वावर कराले लागली. लोकाचं वावर." एक किडकं वांगं बाजूला टाकून, "तुमी आता रडा. सही मातर देऊ नोका. आपलं वावर आपल्या नावानं लागू द्या, मंग द्याची तं द्या."

मी तेव्हा काय बोलले ते आठवत नाही. बहुधा काहीतरी पुस्तकी बोलले असेन.

रिद्धपूरच्या वाटेवर तीन एकर मिळालं, अगदी मे महिन्याच्या उन्हात. जमीन दर्यापूरइतकी देखणी नव्हती, कडेला थोडी मुरमाड. मी नाक मुरडलं. शेजारी एक महानुभाव पंथाचे म्हातारे, "दंडवत" म्हणून पुढे आले आणि त्यांच्या सुनेने वीस मिनिटांत डाळ शिजवून त्यात गूळ घालून आमच्याच पुढ्यात ठेवली. पार्वताबाईंनी पहिल्यांदा ती डाळ खाल्ली. वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि मगच त्या वावरात उतरल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "घ्या."

खरेदीच्या वेळी यांनी सुचवलं, दोघांची नावं घालू. मी पार्वताबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण मान नाही म्हणून हलत होती. एकटीचं नाव लागलं. फेरफार मंजूर होऊन सातबारा हातात आला तेव्हा मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी माझ्या नावावर बोट ठेवायला सांगितलं, स्वतः बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "येवढंसंच असते काय थे?"

दोन भाऊबीजा अरुण आला नाही. तिसऱ्या वर्षी मीच अंजनगावला गेले आणि बाबांच्या वावरातला माझा हिस्सा सोडल्याची सही करून आले. पैठणी मिळाली, आणि वहिनीने नेसवूनच पाठवलं. पार्वताबाईंना भीतभीतच सांगितलं. वाटलं, चिडतील. "आता देली थे देनं झालं," त्या म्हणाल्या. "तवा देली असती तं निस्ता येडा बह्याडपना होता."

अर्ध्या वाट्याने माझं वावर पुढे अकरा वर्षं त्यांनीच केलं. मला निंदायला, म्हणजे तण काढायला, शिकवलं, आणि माझं निंदणं पाहून नंतर दुसरी बाई लावून पुन्हा निंदून घेतलं, हे मला फार उशिरा कळलं. पुढे गुडघे गेले तेव्हा त्या चांदूर रेल्वेला शोभाकडे राहायला गेल्या. गेल्या कार्तिकात वारल्या.

तेराव्याला मी गेले. मनात अशी समजूत होती की त्यांच्या गणगोताबाहेरची अशी मी एकटीच असणार, त्यांची खास. मांडवात पाहते तर बायकांची एक ओळच बसलेली. अकोल्याची एक नर्स, एक अंगणवाडीची बाई, बडनेऱ्याची गजरे विकणारी एक विधवा, आणखी चार-पाच. मी नर्सला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"कोणी नाही हो. माझं वावर त्यांनी पाहून दिलं."

"माह्यं बी," पलीकडची म्हणाली.

मग आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. कोणाची नऊ वावरं त्यांनी नाकारली होती, कोणाची चौदा. माझी एकोणीस. ओळीत सगळ्यांत बावळट मीच निघाले, तेराव्याच्या मांडवात हशा पिकला आणि कोणाला त्याचं वाईट वाटलं नाही. आठ जणी होतो. आठ सातबारे, आठ बायकांची नावं. ज्या बाईने ते सगळं घडवलं तिच्या नावाने मात्र वितभर जमीन कुठल्या कागदावर नव्हती.

निघताना शोभा फाटकापर्यंत आली. तिच्या सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे, आईनेच मागे लागून लावून घेतलेलं. पदराशी चाळा करत म्हणाली, "मावशी, माह्या एकटीच्या नावानं एक वावर घ्याचं हाये. माय होती तवा तिले म्हनाची हिंमत झाली नाई. वाटे, तिले तिच्या बापाचं थे वावर आठवन. तुमी येसान का पाहाले?"

मी शहात्तर वर्षांची, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि जमिनीतलं मला काय कळतं ते सगळ्या मांडवाने नुकतंच ऐकलेलं.

"येते," म्हटलं. "पण आत्ता नको, आत्ता सगळं हिरवं आहे. मे महिन्यात जाऊ."

परवा तिचा फोन आला. मंगळवारी सकाळच्या गाडीने निघायचं ठरलंय.